कार्तिक-मार्गशीर्षातला गळ : उजनीचा फुगवटा की नीरेची धार?

दिवाळी उरकते, पावसाळ्यातला गढूळपणा तळाशी बसतो, आणि पुणे, बारामती, इंदापूर, फलटण या पट्ट्यातल्या गळाच्या शौकिनांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : सुट्टीच्या दिवशी उजनीच्या फुगवट्यावर जावे, की नीरेच्या काठी बसावे? दोन्ही ठिकाणे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतण्याजोगी आहेत आणि दोन्हीकडे तीच काठी व तेच रीळ चालते. त्यामुळे साधनांविषयी येथे फारसे लिहीत नाही. मी दोन्ही पाण्यांवर बरीच वर्षे बसलो आहे आणि माझी निवड आता ठरलेली आहे; तरी ती सर्वांना लागू पडेल असा आग्रह नाही. पुढील विवेचन कार्तिकी एकादशीपासून दत्तजयंतीपर्यंतच्या आठवड्यांपुरतेच आहे, कारण पौषात आणि उन्हाळ्यात या दोन्ही पाण्यांचा स्वभाव पार बदलतो.

उजनीची बाजू प्रथम मांडतो, कारण तिच्याकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा, म्हणजे एरवी सोडता न येणारे तळाचे पाणी, असल्यामुळे अगदी कोरड्या वर्षीही तळ्यात माशाला आसरा उरतो. चांगल्या पावसाच्या वर्षी कार्तिकात हे पाणी काठोकाठ असते. भिगवण, कुंभारगाव, पळसदेव या बाजूंना ते शेताच्या बांधांवर आणि बाभळींच्या बुंध्यांत शिरलेले दिसते; पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर, जे टंचाईच्या वर्षी पाहायला लोकांची रीघ लागते, ते या दिवसांत पाण्याखाली असते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून इथे येऊन साठते. हे कोणालाही अभिमान वाटावे असे नाही. पण त्यातल्या पोषकद्रव्यांमुळे पाण्यात शेवाळ आणि प्लवक माजते व त्यावर मासा झपाट्याने वाढतो, हेही खरे आहे. कटला, रोहू, मृगळ आणि सिप्रनस इथे मोठ्या आकाराचे मिळतात. ज्याला वर्षातून एकदा तरी हात दुखवणारा कटला ओढायचा आहे, त्याने उजनीच निवडावी. त्या बाबतीत नीरा तिची बरोबरी करू शकत नाही.

थंडीच्या दृष्टीनेही मोठ्या जलाशयाचा एक फायदा आहे. एवढे पाणी एका रात्रीत गार होत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस नदीकाठी सकाळी बोटे आखडतात आणि गळाला काही लागत नाही, तेव्हा उजनीवर सूर्य वर येताच मासा हलू लागलेला असतो व संध्याकाळचा तासही बहुधा वाया जात नाही. मात्र पहिली कडाक्याची थंडी पडते त्या दोन-तीन दिवसांत मी तिकडे जात नाही. रात्री वरचा थर गार होऊन जड होतो व खाली उतरतो, तळाचे प्राणवायू कमी असलेले पाणी वर मिसळते, आणि मासा त्या काळात सुस्तावतो असा माझा अनुभव आहे. पाणी पुन्हा स्थिरावले की तो खायला लागतो. याउलट बंगालच्या उपसागरात वादळ उठून इकडे ढग दाटले, रात्री उबदार झाल्या, तर ते दिवस दोन्ही पाण्यांवर उत्तम जातात.

आता नीरा. भोरच्या डोंगरातून उतरणारी ही नदी वीर धरणाखालून पुढे पुणे आणि सातारा, नंतर पुणे आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत नरसिंहपूरला भीमेला मिळते. हा संगम उजनी धरणाच्या खाली आहे, आणि पुणे शहराचे पाणी नीरेच्या खोऱ्यात येत नाही. या दोन गोष्टी नकाशावर पाहिल्या की दोन पाण्यांच्या रंगात एवढा फरक का, याचा उलगडा होतो. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या मध्यापासून कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकले जातात आणि वाहती नीरा एकामागून एक अशा लांबट तळ्यांची माळ बनते. नवखा माणूस नेमका या तळ्यांवर, म्हणजे बंधाऱ्याच्या भिंतीजवळ खोल पाण्यात गळ टाकून बसतो, कारण तिथे सावली असते आणि गाडी जवळ लागते. माझ्या मते बसायची जागा तिथे नाही. वरच्या बंधाऱ्याच्या फटींतून गळणारे पाणी खडकांवरून उतरत जिथे खालच्या साठ्यात शिरते, तो चढाकडचा टप्पा शोधावा. तिथे पाणी गुडघ्यापासून छातीपर्यंत असते, तळाला गाळाऐवजी गोटे व कातळ असतो, धारेच्या कडेला एखादा डोह असतो, आणि कार्तिकातल्या स्वच्छ पाण्यात वरून पाहिले तर गोट्यांवरच्या शेवाळावर माशांनी तोंड लावल्याचे फिकट चट्टे दिसतात. असे ताजे चट्टे दिसले की जागा जिवंत आहे असे समजावे.

या टप्प्यात रोहू आणि मृगळ मिळतात, दगडांच्या कपारीत वाम असते, डोहाच्या तळाशी शिंगाळा असतो आणि कडेच्या लव्हाळ्यात मरळ. आकार उजनीसारखे नसतात. शिवाय नदीचे उथळ पाणी रात्री लवकर गार होत असल्यामुळे वेळही थोडा मिळतो. सकाळी साडेदहा-अकराच्या आधी गळ टाकण्यात अर्थ नाही आणि तीननंतर डोहावर सावली आली की हालचाल मंदावते. म्हणजे जेमतेम चार तास. पहाटे उठून जाण्याची हौस असलेल्याला हे पटणार नाही, पण थंडीच्या दिवसांत घरी न्याहारी करून निघता येते, हा मला तरी मोठा गुण वाटतो.

नदीच्या अडचणी लपवण्याचे कारण नाही. रब्बीचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून सोडलेले पाणी, सुटले की पाणी पाहता पाहता वाढते, आणि धारेच्या मध्यातल्या खडकावर बसलेल्या माणसासाठी ही गंमत नव्हे. पाण्यातला पाचोळा अचानक वाढला किंवा समोरचा ओळखीचा दगड बुडू लागला की सामान आवरून काठावर यावे. दुसरी अडचण साखर कारखान्यांच्या गाळप हंगामाची. उसाच्या ट्रॉल्यांमुळे रस्ता अडतो हे सोडा, पण कधी कधी मळीमिश्रित पाणी नदीत उतरते, पाणी काळपट होते, आंबूस वास येतो आणि प्राणवायू घटून मासे वर तोंड काढतात. असा वास आला तर त्या दिवशी तिथे गळ टाकू नये आणि तो मासा खाऊही नये. जलपर्णी हा तिसरा त्रास. वाऱ्याबरोबर तिचे पुंजके सरकत येतात आणि दोर ओढून नेतात. तरीही हे तिन्ही त्रास कधीतरी होणारे आहेत आणि काठावर पोहोचताच दिसणारे आहेत. जागा बदलून किंवा दिवस बदलून त्यांतून सुटका होते.

उजनीवरचा जो त्रास मला असह्य झाला, त्यातून अशी सुटका नाही. तो म्हणजे चिलापी (टिलापिया) मासा. मूळची आफ्रिकेतली ही जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज उजनीच्या काठालगतच्या पाण्यात तिचेच राज्य आहे. तिची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, आणि बोटाएवढ्या पिल्लांपासून तळहाताएवढ्या माशांपर्यंत सगळे वय एकाच वेळी काठाशी हजर असते. कटल्यासाठी शेंगदाणा पेंड, भाजलेले बेसन आणि कणीक यांचा गोळा मळून गळाला लावावा, आधी पाण्यात टाकलेल्या चाऱ्यावर नेमका टाकावा, आणि तरंग, म्हणजे दोरावरचा तरंगता खुणेचा तुकडा, पाण्यावर सरळ उभा राहतो न राहतो तोच त्याला बारीक थरथर सुरू व्हावी. ही थरथर एकदा ओळखीची झाली की मन खट्टू होते. मोठा मासा तरंगाला आधी किंचित उचलतो किंवा आडवा करतो आणि मग संथपणे ओढून नेतो. चिलापी मात्र शिवणयंत्राच्या सुईसारखी टोचत राहते. दोन मिनिटांत गळ रिकामा. ओढून पाहावे, पुन्हा गोळा लावावा, पुन्हा टाकावा. आणि प्रत्येक वेळी दोराला बांधलेल्या शिशाच्या वजनाचा तो डुबुक आवाज नेमका त्या जागी व्हावा जिथे आपल्याला शांतता हवी आहे.

यावर उपाय आहेत, आणि मी ते सारे करून पाहिले आहेत. गोळ्यात कापूस मिसळून तो चिवट करता येतो. मग चिलापी तो खाऊ शकत नाही, पण कुरतडून तरंग नाचवणे काही सोडत नाही, आणि खरी ओढ कोणती हे कळेनासे होते. गळ मोठ्या आकाराचा घेतला तर ती अडकण्याचे प्रमाण कमी होते, टोचणे मात्र कमी होत नाही. उकडलेला मका किंवा भिजवलेला अख्खा शेंगदाणा लावला तर थोडी उसंत मिळते; पण त्याने सिप्रनस येतो, कटला सहसा येत नाही, कारण तो वरच्या थरातला, वरच्या दिशेने वळलेल्या तोंडाने बारीक खाद्य गाळून खाणारा मासा आहे आणि त्याला विरघळणारे, धूर सोडल्यासारखे पसरणारे मऊ आमिषच लागते. म्हणजे ज्या आमिषाने कटला येतो तेच चिलापीला सर्वांत आवडते. या पेचाला मला तरी तोड सापडलेली नाही. दूरवर, खोल पाण्यात गळ फेकावा म्हटले, तर तिथे मच्छीमारांची जाळी लावलेली असतात. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. जाळ्यात गळ अडकला तर आपला दोर तोडावा, जाळे ओढू नये.

थंडीत चिलापी मंदावते असे सांगितले जाते, आणि ते चूक नाही, कारण ती उष्ण पाण्यातली जात आहे. पण कार्तिक-मार्गशीर्षात उजनीच्या काठाचे उथळ, हिरवट पाणी दुपारच्या उन्हात चांगले कोमट होते. त्यामुळे नेमक्या बारा ते चारच्या वेळात, जेव्हा काठावर बसायला सर्वांत सुख वाटते, तेव्हा तिचा उपद्रव उन्हाळ्याइतकाच राहतो. नीरेतही चिलापी आहे. बंधाऱ्याच्या भिंतीजवळच्या साठलेल्या पाण्यात तर भरपूर आहे, आणि तिथे बसणाऱ्याला दोन्ही पाणी सारखीच वाटतील. फरक पडतो तो वर सांगितलेल्या धारेच्या टप्प्यात. वाहत्या, गार पाण्यात ती फार वेळ टिकून राहत नाही. तिथे तरंग धारेबरोबर डोहाकडे सरकत जातो, बराच वेळ काहीच होत नाही, आणि जेव्हा होते तेव्हा ते बहुधा खरे असते. दिवसभरात दोनच ओढी मिळाल्या तरी त्या दोन्हींकडे माझे पूर्ण लक्ष असते. उजनीवर दुपारपर्यंत लक्ष थकून जाते आणि खरी ओढ येते तेव्हा हात गोळा मळण्यात गुंतलेले असतात.

अर्थात चिलापी हा ज्याला त्रास वाटत नाही, त्याच्यासाठी हा सगळा हिशेब उलटा आहे. ती खायला चविष्ट आहे, भिगवणच्या बाजारात तिला मागणी आहे, आणि लहान मुलाला पहिल्यांदा गळ हाती द्यायचा असेल तर उजनीच्या काठाइतकी चांगली शाळा नाही, कारण तिथे मूल कंटाळण्याआधीच काहीतरी लागते. फक्त गळ काढताना तिचा पाठीवरचा काटेरी पर मागच्या बाजूला दाबून धरायला शिकवावे. कुटुंबासह जाणाऱ्यांनाही उजनी सोयीची आहे. कुंभारगावला पक्षी पाहता येतात, जेवणाची सोय होते. नीरेच्या धारेच्या टप्प्यांवर यांपैकी काही नाही, आणि तिथे पोहोचायला उसाच्या फडांमधून पायी जावे लागते.

शिवाय पौषात थंडी मुरते, उजनीच्या काठाचे पाणीही गार पडते, चिलापी खोलात सरकते, आणि त्या थोड्या आठवड्यांत कटल्यासाठी मी स्वतःही तिकडेच जातो. त्याआधी मात्र, एखाद्या मित्राने विचारले तर मी त्याला नीरेचाच रस्ता दाखवीन. जाण्यापूर्वी गावातल्या कोणाला तरी आवर्तन कधी सुटणार आहे हे विचारून घ्यावे, त्या पाण्याचा ठेका किंवा परवाना कोणाकडे आहे याची चौकशी करून परवानगी घ्यावी, हलके शिसे आणि गांडुळे सोबत न्यावीत, कणकेचा गोळा थोडा घट्ट मळावा. चुकून एखादा महाशीर लागलाच, तर त्याला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवून जाऊ द्यावे. कंपनी सरकारचा अधिकारी कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या ज्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन केले तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला होता, आणि आज त्याच नद्यांत तो शोधावा लागतो.