पोथी मठात शिकावी की विद्यापीठात?

मोर्शीकडच्या एका कास्तकाराच्या पोरानं विचारलं: 'लीळाचरित्र', म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींची पोथी, शिकायची आहे, मठात राहू की एम.ए. करू?

खर्चाचं आधी उरकतो. मठात फीपेक्षा शिस्तीचा भार मोठा. विद्यापीठात फी, खोली, मेस आलंच. पण रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे, पुणं गाठायला नको.

खरा फरक पाठभेदांपाशी, म्हणजे एकाच मजकुराच्या वेगवेगळ्या रूपांपाशी येतो. हे चरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांची मूळ पोथी हरवली आणि पुढे आठवणीतून पुन्हा लिहिली गेली, हे महानुभावांची परंपराच सांगते. त्यामुळं एकच लीळा, म्हणजे स्वामींचा एकच प्रसंग, दोन पोथ्यांत वेगळी भेटते. अभ्यासक दोन्ही शेजारी ठेवतो, भाषेची रूपं तपासतो, जुना पाठ कोणता ते ठरवतो. मठात पोथीला आधी दंडवत, मग कापड सोडायचं आणि विचारायचं: स्वामींच्या या वागण्यातून मी काय घ्यावं? याचं उत्तर अभ्यासकाकडं नसतं, त्यानं तसा आवही आणू नये.

चिकित्सेनं श्रद्धा बाटते, ही ओरड मला पटत नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये प्रती ताडूनच ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ते काय नास्तिक होते? आणि महानुभावांची सांकेतिक सकळ लिपी झरझर वाचणारे मठातले म्हातारे बाबा भल्या प्राध्यापकालाही भारी पडतात, हेही खरं.

संशोधन किंवा मास्तरकी करायची असेल तर विद्यापीठ धर, सुट्टीत बाबांकडून लिपी शिकून घे. आचरणासाठीच शिकायचं असेल तर सरळ मठात जा, डिग्रीत पैसे घालू नको.