आखूड नखांसाठी कव्हर पिंक : सीएनडी आणि यंग नेल्सच्या पावडरी

ज्यांच्या नखाचा गुलाबी भाग मुळातच आखूड असतो, किंवा नखे खाण्याच्या सवयीमुळे बराच मागे गेलेला असतो, त्यांच्या हातांवर पारदर्शक गुलाबी अॅक्रिलिक पावडरीने केलेले पिंक अँड व्हाइट, म्हणजे गुलाबी नख आणि पांढरे टोक असलेले कृत्रिम नख, शोभत नाही. कारण स्माइल लाइन, म्हणजे गुलाबी आणि पांढऱ्या भागांमधली वक्र रेषा, नैसर्गिक रेषेवरच घ्यावी लागते आणि पांढरा भाग गुलाबीपेक्षा मोठा होऊन बसतो. अपारदर्शक गुलाबी पावडरीत, म्हणजे कव्हर पिंकमध्ये, टायटॅनियम डायऑक्साइडसारखी झाकणारी रंगद्रव्ये असतात. त्यामुळे नखाची मूळ पांढरी कड दिसेनाशी होते आणि स्माइल लाइन दोन-तीन मिलिमीटर पुढे आखता येते. तेवढ्यानेही बोटे लांब आणि निमुळती दिसू लागतात.

निवडीचा खरा प्रश्न छटेचा आहे. निळसर झाक असलेला गुलाबी डबीत फार मोहक वाटतो, पण गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तोच खडूसारखा पांढुरका दिसतो आणि नख बोटापासून वेगळे पडते. म्हणून सीएनडी या नखसाधनांच्या कंपनीच्या ‘परफेक्ट कलर’ मालिकेतील मीडियम कूल पिंक मी गोऱ्या, गुलाबी त्वचेसाठीच राखून ठेवते. आपल्याकडच्या बहुतेक हातांना त्याच मालिकेतील वॉर्म पिंक अधिक खुलतो. यंग नेल्स या दुसऱ्या कंपनीच्या कव्हर पावडरींमध्ये पिंकबरोबर पीच, बेज आणि अर्थ अशा छटा मिळतात, हे मला त्या मालिकेचे सर्वांत मोठे बळ वाटते. सावळ्या हातावर निव्वळ गुलाबीपेक्षा बेज कितीतरी अधिक खरा वाटतो, आणि नखाचा भाग लांब ‘दिसणे’ हे शेवटी तो खरा वाटण्यावरच अवलंबून असते.

डबीतला रंग पाहून किंवा ओला बीड (लिक्विडमध्ये भिजवलेल्या ब्रशवर उचललेला पावडरीचा गोळा) पाहून निर्णय घेऊ नये. ओला असताना बीड गडद आणि काहीसा पारदर्शक भासतो, घट्ट झाल्यावर फिकट होतो. एका पारदर्शक टिपच्या (प्लास्टिकच्या तयार नखाच्या) मागच्या बाजूला अर्ध्या भागात पांढरे नेलपॉलिश लावावे, वरून प्रत्यक्ष नखावर घेऊ तेवढ्याच जाडीचा थर द्यावा, आणि तो पूर्ण घट्ट झाल्यावर ग्राहकाच्या बोटाशेजारी धरून खिडकीच्या उजेडात पाहावा. मागची पांढरी सीमा जाणवत असेल तर पावडरीची झाकण्याची शक्ती कमी आहे. तो उणेपणा थर जाड करून भरून काढायला गेल्यास नख बोजड होते.

पावडर ज्यात कालवतात ते लिक्विडही त्याच कंपनीचे घ्यावे, कारण पावडरीतील बेंझॉइल पेरॉक्साइडचे (मिश्रण घट्ट होण्याची क्रिया सुरू करणाऱ्या रसायनाचे) प्रमाण त्या लिक्विडला धरून ठरवलेले असते. बीड फार ओला घेतल्यास रंगद्रव्य विरळ पसरते आणि ढगाळ डाग पडतात. एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट हे नखांना अपायकारक रसायन) असलेले स्वस्त लिक्विड तर कोणत्याही किमतीला वापरू नये.

या पावडरींना एक मर्यादा आहे आणि ती ग्राहकाला आधीच सांगायला हवी. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत क्युटिकलजवळची, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेजवळची, मोकळी जागा पारदर्शक पावडरीपेक्षा अधिक ठळक दिसते, आणि पुढे सरकलेली स्माइल लाइनही रिफिलच्या (ती मोकळी जागा भरण्याच्या) वेळी नव्याने आखावी लागते. क्युटिकलकडे थर अगदी पातळ करत नेला, तर ही सीमा बरीच सौम्य राहते. शिवाय अपारदर्शक थराखाली अॅक्रिलिक सुटले किंवा हिरवट डाग पडला तरी वरून कळत नाही; म्हणून रिफिलपूर्वी नखाच्या कडा आणि खालची बाजू नीट तपासणे मी अत्यावश्यक मानते.

पहिलीच डबी घेणाऱ्यांनी वॉर्म पिंक घ्यावी. सावळ्या हातांचे काम अधिक येत असेल, तर बेज आधी घ्यावी.