स्टीम लायब्ररी : चहाड्या करते, पण अर्धवट माहितीवर

स्टीम हे व्हॉल्व्ह कंपनीचं संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान, आणि घेतलेले गेम जिथे दिसतात ती त्याची लायब्ररी. नुसत्या गेमच्या नावांवरून मालक कसा आहे ते ओळखायला गेलात तर इथे हमखास फसाल. बंडलमध्ये, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या गेमच्या गठ्ठ्यात, एका हव्या गेमसोबत सात-आठ नको असलेले गळ्यात पडतात, आणि लायब्ररी त्या सगळ्यांची चित्रं एकाच मापात, एकाच मानाने मांडते. 2019 मध्ये रूप बदलल्यापासून ती दिसते देखणी, पण माणूस वाचायचा तर आधी क्रमवारी बदलायला हवी.

लायब्ररीच्या होमवर खाली 'ऑल गेम्स' आहे, तिथे 'अवर्स प्लेड' निवडा. गंभीर कथांचे चाहते म्हणवणाऱ्यांच्या यादीत शेतीचा गेम सगळ्यात वर निघतो तो इथेच. मग 'डेट अ‍ॅडेड टू लायब्ररी' लावून बघा. एकाच दिवशी वीस नावं आणि पुढे चार महिने शुकशुकाट दिसला, की मालक सेलची वाट बघत बसणाऱ्यातला.

तासांचे आकडे मात्र जपून वापरा. प्रोग्रॅम चालू आहे तोवर घड्याळ चालू. गेम पॉज करून झोपलात तरी सात-आठ तास जमा होतात. शिवाय स्टीम सुरू झालं 2003 मध्ये, पण एकूण तासांची नोंद ठेवली जाते ती 2009 च्या सुरुवातीपासून. त्यामुळे काउंटर-स्ट्राइकच्या जुन्या खेळाडूचा आकडा कमीच दिसणार. अडीच-तीन तासांवर कायमचे थांबलेले गेमही बघण्यासारखे असतात. रिफंड सहज मिळतो तो खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. ती वेळ टळली की नावडता गेमही यादीत ठाण मांडून बसतो.

तासांपेक्षा अचिव्हमेंट (गेममधला ठरावीक टप्पा गाठल्यावर मिळणारी खूण) भरवशाची, कारण प्रत्येकीवर तारीख आणि वेळ असते. पहिल्याच दिवशी तीन मिळाल्या, पुढे काही नाही, म्हणजे गेम तिथेच सुटला. एकाच मिनिटात चाळीस दिसल्या तर न खेळताच त्या मिळवून देणाऱ्या टूलचा संशय घ्या, पण लगेच आरोप नको. गेममध्ये अचिव्हमेंट नंतर जोडल्या गेल्या असतील, तर जुना सेव्ह (जतन केलेला खेळ) उघडताच त्या धडाधड मिळू शकतात.

न खेळलेल्या गेमचा ढीग बघायचा तर शोधपेटीशेजारचं फिल्टरचं चिन्ह दाबा, 'अनप्लेड' निवडा आणि डायनॅमिक कलेक्शन म्हणून सेव्ह करा. गेम सुरू केला की तो त्यातून आपोआप बाहेर पडतो. ही सोय उत्तमच. खोट इतकीच, की प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर पूर्ण केलेला गेमही इथे 'न खेळलेला' ठरतो.

लपवालपवीत लोक सर्रास चुकतात. 'हाइड' केल्याने गेम फक्त तुमच्या यादीतून दिसेनासा होतो, मित्रांना दिसतच राहतो. त्यांच्यापासून लपवायचा असेल तर 'मार्क अ‍ॅज प्रायव्हेट' हवं. ते 2024 मध्ये आलं. नावं इतकी गोंधळात टाकणारी का ठेवली, ते व्हॉल्व्हलाच ठाऊक. सगळे तास झाकायचे तर प्रोफाइलच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये वेगळी खूण करावी लागते.

सर्वात मोठी उणीव वेगळीच आहे. इथे मिळतो तो गेम वापरण्याचा परवाना, मालकी नव्हे. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, त्यामुळे हा संग्रह कोणाच्या हाती जात नाही. याउलट गेम बॉय या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राचं पोकेमॉन गोल्डचं कार्ट्रिज जुन्या बाजारातून घेतलं आणि सेव्ह जपणारी आतली सीआर2025 बॅटरी जिवंत असली, तर 'कंटिन्यू'वर आधीच्या मालकाने दिलेलं नाव, बॅजची संख्या आणि खेळलेले तास समोर येतात. बॅटरी बदलायला काढलीत की ते सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी सेव्हची प्रत काढून ठेवा.