हेवीवेट बघायचं म्हणून घेतलेलं एक बॉक्सिंग ॲप

ॲपचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यांच्या ग्राहक विभागाशी माझी ईमेलबाजी अजून चालू आहे. तसंही अमेरिकेत बसून बॉक्सिंग बघायचं तर अशा मोजक्याच सेवा आहेत आणि सगळ्यांचा साचा साधारण एकच. महिन्याची वर्गणी भरायची, त्यात जुन्या लढतींचा साठा आणि किरकोळ लढती मिळतात. नाव घ्यावं अशी लढत आली की पे-पर-व्ह्यूचे पैसे वेगळे. बायकोचं मत पहिल्या महिन्यातच ठरलं : "मारामारी बघायला एकदा पैसे भरता ते भरता, वर पुन्हा भरता?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

मी बघतो ते मुख्यतः हेवीवेट, म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंगमधला सगळ्यात जड गट. त्यामुळे हे परीक्षणही हेवीवेटवाल्यांसाठीच आहे, बाकीच्या वजनगटांचं माझ्याकडून फार काही मिळणार नाही.

आधी वेळापत्रक. मी न्यू जर्सीत राहतो. नव्वदच्या दशकात इथे आलो तेव्हा हेवीवेटची मोठी लढत म्हणजे शनिवारची रात्र, लास व्हेगास, आणि मुख्य जोडी रिंगमध्ये उतरेपर्यंत आमच्याकडे अकरा वाजून गेलेले. आता ॲप सूचना पाठवतं ती संध्याकाळी पाचची. लढत लंडनला वेम्बलीत असते नाहीतर रियाधला, आणि वेळ तिथल्या प्रेक्षकांच्या सोयीची. जुलै २०२५मध्ये वेम्बलीत ओलेक्सांडर उसिकने डॅनियल डुब्वाला पाचव्या राउंडमध्ये आडवं केलं, जगातले सगळे मुख्य पट्टे, म्हणजे वेगवेगळ्या संघटनांची विजेतेपदं, पुन्हा आपल्याकडे घेतले, आणि आमच्याकडे अजून लख्ख उजेड होता. "अहो, संपलं ना? मग चला, भाजी आणून टाकू." गेलो. युक्रेनचा एक आणि इंग्लंडचा एक, मधे अमेरिका कुठेच नाही. ग्राहक म्हणून मला ही वेळ सोयीचीच आहे, झोपमोड होत नाही. पण हेवीवेट अमेरिकेच्या हातून किती गेलं हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही. ज्यांचा खेळ, त्यांचं घड्याळ.

ॲपची खरी किंमत वसूल होते ती जुन्या साठ्यात. चित्र स्वच्छ आहे, राउंडनुसार थेट उडी मारता येते, दोन राउंडमधल्या मिनिटात कोपऱ्यातलं प्रशिक्षक-बॉक्सरचं बोलणं कापलेलं नाही. शोध मात्र भिकार. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं की काहीच सापडत नाही, आणि युक्रेनी-रशियन नावं तर प्रत्येक लढतीत वेगळी लिहिलेली. दुसरा वैताग म्हणजे प्रत्येक व्हिडिओवरचं चित्र. पट्टा उंचावलेला माणूसच तिथे दिसतो, म्हणजे जिंकलं कोण हे दाबायच्या आधीच कळलं. १९७१ची अली-फ्रेझर कोण जिंकलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, ठीक. पण एखादा पोरगा हे सगळं पहिल्यांदाच बघत असेल तर त्याची मजा का घालवता?

मी हा साठा वर्षांच्या क्रमाने बघितला आणि तसंच बघा असं सुचवेन. १९३७मध्ये जो लुईस विजेता झाला तिथपासून पुढे नव्वदच्या दशकापर्यंत परदेशी नावं अधूनमधून डोकावतात. १९५९ला स्वीडनचा योहान्सन, १९८३ला दक्षिण आफ्रिकेचा कोएत्झी, १९८६ला जमैकात जन्मलेला बर्बिक. कुणीच फार टिकत नाही. लुईस, मार्सियानो, लिस्टन, अली, फ्रेझर, फोरमन, होम्स, टायसन, होलीफिल्ड. अमेरिकन विजेता हरला तर तो बहुधा दुसऱ्या अमेरिकनाकडूनच.

या साठ्यातली एकच लढत बघायला वेळ असेल तर नोव्हेंबर १९९२ची रिडिक बो विरुद्ध होलीफिल्ड बघा, आणि त्यातही दहावा राउंड. बोचा अपरकट, खालून वर हाणलेला ठोसा, लागतो, होलीफिल्डचे पाय जातात, बो त्याला मिनिटभर झोडपतो, आता हा पडणार म्हणून आपण पुढे सरकतो, आणि राउंड संपता संपता होलीफिल्डच बोला मारत असतो. मी बरीच बॉक्सिंग बघितली आहे, असे तीन मिनिट फार नाहीत. बो गुणांवर जिंकला. ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलचा, टायसनच्याच वस्तीतला पोरगा, सगळ्या मुख्य पट्ट्यांचा मालक.

आणि मग महिनाभरात या माणसाने लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसी या संघटनेचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्या पट्ट्यासाठी त्याला ब्रिटनच्या लेनॉक्स लुईसशी लढावं लागणार होतं. लुईसने १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत कॅनडाकडून खेळताना याच बोला दुसऱ्याच राउंडमध्ये थांबवलं होतं. व्यावसायिक रिंगमध्ये ते दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत. पट्टा लुईसला मिळाला. अमेरिकेच्या हातून हेवीवेट निसटायला सुरुवात कुठून झाली असं कुणी विचारलं तर मी त्या डब्याकडे बोट दाखवेन. पुढे १९९९मध्ये लुईसने होलीफिल्डला हरवून सगळे पट्टे एकत्र केले, आणि तसे ते पुन्हा एकत्र आले थेट मे २०२४मध्ये, उसिकच्या कमरेला.

ॲपमध्ये या घसरणीचं स्वतंत्र दालन नाही. ते आपलं आपण जुळवायचं. मी आमच्या राज्यातल्या दोन लढती एकापाठोपाठ लावल्या. जून १९८८, अटलांटिक सिटीचं कन्व्हेन्शन हॉल : टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं. जून २००७, तीच इमारत, नाव तेवढं बदललेलं : रशियाच्या सुलतान इब्रागिमोव्हने शॅनन ब्रिग्जकडून पट्टा काढून घेतला. दुसरी लढत रटाळ आहे, बारा राउंड, जांभया येतात. पण ती संपली आणि अमेरिकेत जन्मलेल्या कुणाकडेही हेवीवेटचा एकही मुख्य पट्टा उरला नाही. २०१५च्या जानेवारीत अमेरिकेचा डिओन्टे वाइल्डर जिंकेपर्यंत हीच स्थिती.

इब्रागिमोव्ह-ब्रिग्जच्या आदल्या वर्षीची एक गंमतही साठ्यात आहे. ऑगस्ट २००६, हसीम रहमान विरुद्ध ओलेग मास्काएव्ह. जाहिरात केली होती "अमेरिकेची शेवटची संरक्षक फळी" अशी. मास्काएव्हचा जन्म कझाकस्तानचा, पण तोवर तो स्वतः अमेरिकन नागरिक झालेला! बाराव्या राउंडमध्ये त्याने रहमानला संपवलं. फळी कुणाची आणि संरक्षण कुणापासून, हे आयोजकांनाच माहीत.

आता जुन्या सुवर्णकाळाबद्दल थोडं वाकडं बोलतो. साठ्यात व्यावसायिक लढतीच आहेत, ऑलिंपिक नाही, आणि ही या ॲपची मोठी उणीव. क्युबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन त्यामुळे कुठेच दिसत नाही. १९७२, ७६, ८० अशी लागोपाठ तीन हेवीवेट सुवर्णपदकं. म्युनिकला त्याने अमेरिकेची आशा असलेल्या ड्युएन बॉबिकला तिसऱ्या राउंडमध्ये थांबवलं. अलीशी लढण्यासाठी त्याला मोठाल्या रकमा देऊ केल्या गेल्या, तो गेला नाही. क्युबात व्यावसायिक बॉक्सिंगला बंदीच होती. सोव्हिएत संघातही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत व्यावसायिक व्हायचा रस्ता नव्हता. म्हणजे ज्या काळाला आपण अमेरिकेचं एकछत्री राज्य म्हणतो त्या काळात जगातले कितीतरी तयार हेवीवेट मैदानाबाहेरच बसवलेले होते. अली-फ्रेझर-फोरमन यांचं मोठेपण यामुळे कमी होत नाही, ते एकमेकांशीच लढून मोठे झाले. पण दार उघडल्यावर काय झालं ते बघा : १९९६ला अटलांटात सुपर हेवीवेटचं सुवर्ण जिंकलेला युक्रेनचा व्लादिमिर क्लिच्को त्याच वर्षी मोठा भाऊ विटालीसोबत हॅम्बुर्गमध्ये व्यावसायिक झाला, आणि २००६ ते २०१५ जागचा हलला नाही.

क्लिच्कोच्या लढती मात्र सगळ्या बघू नका. डावा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), डावा जॅब, मिठी. २००८ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने इब्रागिमोव्हला हरवलं तेव्हा प्रेक्षकांनी चक्क हुर्यो उडवली, आणि ॲपवर ती ऐकू येते. अमेरिकन प्रेक्षक हेवीवेटपासून दूर गेला त्यात या माणसाच्या जॅबचाही वाटा आहे. जर्मनीत तो स्टेडियमं भरवत होता, इकडे लोकांना त्याचा आणि त्याच्या भावाचा चेहरा वेगळा ओळखता येत नव्हता.

दुसरं कारण माझ्या सोफ्यावर बसलेलं असतं. शेजारचा पोरगा, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, साडेसहा फुटाच्या जवळपास, अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनवर, म्हणजे धिप्पाड पोरांच्या पुढच्या रांगेत खेळतो. त्याला १९७१ची अली-फ्रेझर दाखवली. फ्रेझरचं वजन पडद्यावर आलं, २०५ पौंड. "काका, हा हेवीवेट?" त्याच्या शाळेच्या संघात याहून जड पोरं राखीव खेळाडू म्हणून बसतात. त्याला कॉलेजांची पत्रं येतात, शिष्यवृत्तीची बोलणी चालू आहेत. बॉक्सिंगमध्ये काय? कॉलेजांच्या क्रीडा संघटनेने, एनसीएएने, १९६०मध्ये विस्कॉन्सिनचा चार्ली मोर अंतिम लढतीनंतर दगावला तेव्हा हा खेळ बंद केला, तो पुन्हा आला नाही. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये, नवख्याचा किमान वार्षिक पगार २०२५ला ८,४०,००० डॉलर होता. आई-बाप कशाला बॉक्सिंगच्या जिममध्ये पाठवतील?

पाठवत नाहीत, आणि ते साठ्यात दिसतंच. मागच्या दशकातले अमेरिकन आव्हानवीर काढून बघा. डॉमिनिक ब्रेझील कॉलेजच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. जेराल्ड वॉशिंग्टन यूएससी विद्यापीठाकडून फुटबॉल खेळलेला. फिलाडेल्फियाच्या ब्रायंट जेनिंग्जने हातमोजे घातले ते वयाची विशी बरीच उलटल्यावर. खुद्द वाइल्डरला अलाबामा विद्यापीठाकडून खेळायचं होतं. आजारी मुलीच्या खर्चासाठी तो २००५मध्ये बॉक्सिंगकडे वळला आणि तीन वर्षांत ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. उजवा हात असा की दहा वेळा पट्टा राखला. पण पाय बघा त्याचे, उशिरा शिकलेल्याचे पाय. उसिकचे पाय त्याच्या शेजारी लावून बघा, ॲपमध्ये दोन लढती एकदम लावायची सोय आहे, तिचा हाच उपयोग.

छोट्या गटांत ही बोंब नाही. आमच्याच न्यूअर्कचा शकूर स्टीव्हन्सन बघा, किंवा ओमाहाचा टेरेन्स क्रॉफर्ड. तेवढ्या अंगाच्या पोराला एनएफएलच्या लाइनवर कोण उभं करणार?

समालोचनाबद्दल : इंग्लिश समालोचक बरे, अमेरिकन समालोचक अजूनही प्रत्येक उंच पोरात पुढचा टायसन शोधतात. ऑगस्ट २०२४ला लॉस एंजेलिसमध्ये टोलेडोच्या जॅरेड अँडरसनला मार्टिन बकोलेने पाचव्या राउंडमध्ये थांबवलं, त्याच्या आधीचं समालोचन ऐकण्यासारखं आहे. आवाज बंद करून कोपऱ्यातला माइक चालू ठेवता येतो, ही या ॲपची सगळ्यात चांगली सोय. ती वापरा फेब्रुवारी २०२०च्या फ्युरी-वाइल्डरला. ऐंशी डॉलरच्या आसपास मोजून तेव्हा लोकांनी घेतलेली लढत आता वर्गणीत येते. फ्युरी इंग्लंडचा, पण त्याच्या कोपऱ्यात डेट्रॉइटचा शुगरहिल स्टुअर्ड आहे, नामवंत प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डचा पुतण्या, आणि शिकवण आहे त्याच्या क्रॉन्क जिमची : मागे सरकू नको, वजन टाक, उजवा सोड. थोरल्या स्टुअर्डने आधी लेनॉक्स लुईस आणि व्लादिमिर क्लिच्को दोघांनाही हेच शिकवलं होतं. सातव्या राउंडमध्ये वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे हार मानली, टाकणारा मार्क ब्रेलँड, १९८४चा अमेरिकन सुवर्णविजेता. विद्या अमेरिकेची, टॉवेल अमेरिकेचा, पट्टा गेला इंग्लंडला.

पैशांचं शेवटी. वार्षिक योजना घेऊ नका. ती मधे थांबवता येत नाही आणि नूतनीकरण आपोआप होतं. माझी ईमेलबाजी त्यावरूनच चालू आहे. थंडीचे दोन महिने वर्गणी भरा, साठा क्रमाने बघून टाका, बंद करा. पे-पर-व्ह्यू उसिक असेल तरच घ्या, आणि टीव्हीवरच बघा. फोनवर चित्र आवाजाच्या मागे धावतं, ठोसा ऐकू आधी येतो आणि दिसतो नंतर. पाचपैकी साडेतीन तारे. ऑलिंपिकच्या लढती घातल्या तर चार देईन.