चार स्टार. भावाच्या स्मारकाचा दगड साताऱ्यातल्या या पाथरवटांच्या दुकानात कोरून घेतला

इथे यायच्या आधी एका दुकानात जाऊन आलो होतो ते पहिलं सांगतो म्हणजे फरक कळेल. माझा चुलत भाऊ तोफखान्यात गनर होता, गेल्या वर्षी सरावात तोफ ओढणारी गाडी उलटली त्यात गेला. ग्रामपंचायतीने शाळेजवळ जागा दिली, दगड घरच्यांनी करायचा ठरलं. त्या पहिल्या दुकानात आम्ही मजकूर सांगायच्या आतच पोराने कॉम्प्युटरवर रेडीमेड डिझाइन उघडलं, उलटी रायफल, वर हेल्मेट, मागे बर्फाचे डोंगर आणि खाली "सीमेवर शत्रूशी लढताना". अरे तो सीमेवर नव्हता म्हटलं तर म्हणतो राहू द्या की, भारी दिसतंय. तात्या (भावाचे वडील, स्वतः सुभेदार म्हणून रिटायर झालेत) काहीच बोलले नाहीत, उठून बाहेर गेले आणि चपला घालायला लागले.

या दुकानात मालकांनी आधी बसवलं, चहा सांगितला, मग वही काढून विचारलं, आर्मी नंबर काय, युनिट कुठलं, कुठे आणि कशात गेला. वडिलोपार्जित पाथरवट आहेत, वडील जाती-वरवंटे टाकवायचे, आता ग्रॅनाइट आणि मशीन आलंय पण अक्षरं अजून हाताने कोरून देतात, तेच बघून आम्ही इथे आलो. साताऱ्यात निम्मं गिऱ्हाईक मराठा लाईट इन्फंट्रीचं (पायदळाची रेजिमेंट), त्यामुळे सवयीने बिगुल आणि ढाल-तलवारीचं चिन्ह पुढे केलं होतं, पण आर्टिलरी, म्हणजे तोफखाना, म्हटल्यावर ते लगेच बाजूला ठेवलं आणि टोपीचा बॅज आणायला सांगितला. बॅजवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला. "सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल" हे तोफखान्याचं ब्रीदवाक्य कागदावर लिहून तात्यांकडून एकेक अक्षर वाचून घेतलं, मगच पुढे.

खरा घोळ मजकुरावर होता. गावात दोन तट. पोरांना "शहीद" पाहिजे होतं, फ्लेक्सवर तसंच लागलेलं. एक-दोन जण मागे असं पण बोलले की अॅक्सिडेंटच तर झाला, त्याला स्मारक कशाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीला फायरिंगच्या सरावात तोफगोळा फुटून दोन अग्निवीर गेले, विशी-एकविशीतली पोरं, त्याची टीव्हीवर तरी बातमी झाली. गाडी उलटून गेलेल्याची चार ओळींची येते, तेवढीच. सैन्याच्या कागदावर पण बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत गेलेला) आणि फिजिकल कॅज्युअल्टी (अपघात वगैरे) असे दोन वेगळे प्रकार, त्यावरून पेन्शनचा प्रकार ठरतो, त्या कागदांपायी तात्यांच्या किती चकरा झाल्या ते इथे लिहीत बसत नाही.

तात्यांचं म्हणणं एकच, जे झालं ते लिहा. शहीद शब्द सैन्यात अधिकृत नाहीच, सरकारने राज्यसभेत सुद्धा तसं सांगितलंय. मालक म्हणाले, "सुभेदारसाहेब, अपशिंग्याचा दगड आठवा." अपशिंगे मिलिटरी हे सैनिकांचं गाव आमच्याकडे सगळ्यांना माहीत, पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण परत आले नाहीत. इंग्रजांच्या काळातल्या तसल्या पाट्यांवर काय असतं, या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. कोण गोळीने गेला, कोण तापाने, कोण बोटीवर, काही नाही. तात्या जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, पण मला लिहायचंय. सराव हा शब्द पाहिजे. शेवटी झालं ते असं: नंबर, हुद्दा, नाव, खाली "युद्धसरावात कर्तव्य बजावताना वीरमरण", तारीख, गाव. बस. मालकांनीच "दरम्यान" काढून "युद्धसरावात" केलं, म्हणाले अक्षरं कमी लागतात आणि लांबून वाचायला बरं पडतं. पैसे अक्षरावर घेणारा माणूस अक्षरं कमी करायला सांगतो हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

पैशाचं सांगतो. काळा ग्रॅनाइट, चार बाय अडीच फूट, कोरीव अक्षरं, चिन्ह, फोटो, गावात आणून बसवून एकूण २३,५०० झाले. जोडाक्षराला दीडपट लावतात, ते आधी विचारून घ्या, नाहीतर "कर्तव्य"ला तिथेच वाद होतो. आर्मी नंबरचे पैसे ते घेत नाहीत, वडिलांपासूनची पद्धत आहे म्हणे. तात्यांनी तेही मोजून दिलेच.

आता एक स्टार का कापला. फोटो. काकूंना फोटो पाहिजेच होता, कसम परेडचा (ट्रेनिंगनंतर शपथ घेतात तेव्हाचा) दिला, साधा स्टुडिओचा पण स्वच्छ होता. हे लेझरचं काम दुकान बाहेरून करून आणतं आणि तिथे चेहरा अंधारात गेल्यासारखा आलाय, टोपीवरचा बॅज म्हणजे नुसता पांढरा ठिपका. खाली तोच बॅज हाताने इतका सुंदर कोरलाय आणि वर ठिपका, त्यामुळे जास्तच डोळ्यात खुपतं. परत करून देतो म्हणाले पण त्यासाठी दगडाचा पॉलिश केलेला भाग पुन्हा घासावा लागतो, काकू म्हणाल्या आता हात लावू नका. वेळ पण पाळली नाही, पंधरा दिवस सांगून चोवीस लागले, वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी टेम्पो आला आणि अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर दगड बसवला, चौथऱ्याचं सिमेंट ओलंच होतं.

हाताच्या कोरीव कामासाठी डोळे झाकून जा. फोटो लावायचा असेल तर चिनीमातीच्या फरशीवर वेगळा छापून बसवा, ते ऊन-पावसात टिकतं असं मालक स्वतःच नंतर म्हणाले, आधी म्हणाले असते तर बरं झालं असतं. गुरुवारी बंद. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत.