कोंड्याचा मांडा: नऊ महिने नुकादोको सांभाळल्यावर

आईला व्हिडिओ कॉलवर माझ्या जपानी लोणच्याचा डबा उघडून दाखवला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "अगं, हा तर गुरांचा कोंडा ना?" आई चिपळूणची. भातगिरणीतून आलेला कोंडा थेट गोठ्यात, आंबोणात जाताना तिने पाहिलेला. दुसरा प्रश्न जास्त काळजीचा होता. "आणि त्यात तू रोज हात घालतेस? लोणच्यात?"

तिचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे लोणच्याची बरणी म्हणजे सोवळ्यातली वस्तू. बरणी उन्हात तापवायची, तोंडाला दादरा बांधायचा, चमचा खडखडीत कोरडा हवा, आणि पाळीच्या दिवसांत तर त्या फळीकडे फिरकायचंसुद्धा नाही. त्या घरातली मुलगी तोक्योत निशी-कसाईला राहून एप्रिलपासून रोज सकाळी मनगटापर्यंत हात लोणच्यात घालते आहे. इथल्या दोघीतिघी मैत्रिणींनी "जमतं का गं? वास येतो का?" असं विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

नुका म्हणजे तांदळाचा कोंडा. तूस नव्हे. तूस निघाल्यावर लालसर तांदूळ पांढरा करताना जी तेलकट, पिवळसर पूड निघते ती. तिच्यात मीठ आणि पाणी कालवून जो ओला थर तयार होतो तो नुकादोको, म्हणजे कोंड्याचं अंथरूण. त्यात भाज्या पुरायच्या, काही तासांनी किंवा दिवसांनी काढायच्या, धुवायच्या, चिरायच्या, खायच्या. तेच नुकाझुके. आपलं लोणचं मुरतं आणि संपतं. इथे भाज्या संपतात, अंथरूण तसंच राहतं, नीट सांभाळलं तर कित्येक वर्षं. विरजण लावण्याशी याचं नातं जास्त जवळचं आहे.

प्रमाण साधं: एक किलो कोंडा, उकळून गार केलेलं साधारण एक लिटर पाणी, १३० ग्रॅम मीठ. मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीतून जेमतेम ओल दिसावी इतपत कालवायचं. त्यात कोम्बूचा, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा, एक तुकडा आणि दोनतीन सुक्या लाल मिरच्या. भाजलेल्या कोंड्याची किलोची पिशवी सुपरमार्केटात दोनतीनशे येनला मिळते. शहराबाहेर नाणी टाकून तांदूळ सडायची यंत्रं असतात, तिथे कोंडा बऱ्याचदा फुकट नेता येतो. मग दोनेक आठवडे नुसत्या टाकाऊ भाज्या पुरायच्या: कोबीची बाहेरची पानं, मुळ्याची सालं, गाजराचे शेंडे. तीनचार दिवसांनी त्या काढून फेकायच्या, नव्या घालायच्या. या भाज्या खायच्या नसतात. त्यांच्यावरचे जंतू आणि त्यांच्यातली साखर कोंड्यात उतरावी, एवढ्यासाठीच त्या घालायच्या.

माझा पहिला डबा बारा दिवसांत मेला, आणि त्याला मीच मारला. घरात नवऱ्याला रक्तदाबाची गोळी चालू, म्हणून मी शहाणपणा करून मीठ निम्म्यावर आणलं. त्यात गोल्डन वीकची सुट्टी लागली, चार दिवस बाहेरगावी गेलो, डबा ओट्यावर तसाच. परत येऊन झाकण उघडलं तर वर नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास, आणि खालून वर काढलेल्या कोंड्याला पावसाळ्यात तीन दिवस घातलेल्या मोज्यांचा. मुलगा खोली सोडून गेला तो जेवायलाच परत आला.

त्यातून शिकले ते असं. वरच्या थराला हवा लागते, तिथे एक पांढरी यीस्ट साय धरते. ती घातक नसते, पण वाढली की तो द्रावणाचा वास तीच देते. तळाशी हवा नसते, तिथे मोज्याचा वास देणारे जंतू माजतात. आपल्याला हवे असलेले, दही लावणाऱ्यांच्या भाऊबंदांतले, मधल्या थरात सुखी असतात. रोज वरचं खाली आणि खालचं वर करायचं ते याचसाठी. दोन्हीकडच्या टोळ्यांना बस्तान बसवू द्यायचं नाही. आणि मीठ हा सुरुवातीचा राखणदार. आंबटपणा तयार होईपर्यंत तोच दारात उभा असतो. मी त्यालाच अर्ध्या पगारावर ठेवलं होतं.

दुसरा डबा जगला तो खालच्या आजींमुळे. त्यांना हाक मारताना मी आडनावापुढे आदराचं 'सान' लावते, पण आमच्या घरात त्यांचा उल्लेख 'खालच्या आजी' असाच होतो. लिफ्टमध्ये मी माझी रडकथा सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या प्लास्टिकच्या पिशवीत मूठभर ओला कोंडा घेऊन दारात उभ्या. त्यांच्या सासूबाईंच्या डब्यातून चालत आलेला. मी तो नव्या कोंड्यात मिसळला आणि आठवड्याभरात डब्याला तो ओळखीचा, किंचित आंबट, भाकरीच्या पिठासारखा वास आला. विरजण मागायला वाटी घेऊन शेजारी जायची सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, तरी मला वाटलं.

डबा एनॅमलचा घेतला, तीनेक लिटरचा. प्लास्टिकने वास धरला होता आणि मीठ-आंबटापुढे साधा धातू टिकत नाही. एनॅमलला नऊ महिन्यांत काहीही झालेलं नाही. एकच पथ्य: कालवून झालं की कोंडा तळव्याने थापून सपाट करायचा आणि डब्याच्या कडा स्वच्छ पुसायच्या. बुरशी धरते ती कडेला चिकटलेल्या कणांवर.

चवीबद्दल. पहिली जमलेली काकडी मे महिन्यातली. मीठ चोळून, अख्खी, रात्री दहाला पुरली, सकाळी सातला काढली. हा आंबटपणा दह्याचा आहे, कैरीचा किंवा लिंबाचा नाही, हे आपल्या माणसाने आधी मनाशी ठरवून घ्यावं. तेल नाही, मसाला नाही, मिरचीचा नुसता संशय. आईच्या भाषेत 'पथ्याचं लोणचं'. मला पहिल्या आठवड्यात ते बेचव वाटलं होतं, कबूल करते. तिसऱ्या आठवड्यात मी काकडी काढायला अलार्म लावत होते.

गाजर उभं दुभंगून, दाइकोन मुळा चौथाई करून, पांढरे सलगम पानांसकट. भेंडी फार छान होते, मिठाने लव काढून अख्खी घालायची. कारलं एकदा घातलं. पुन्हा घालणार नाही. वांगं मात्र अवघड प्रकरण. सालीचा जांभळा रंग उडून मळकट तपकिरी होतो. त्यावर इथला जुना उपाय म्हणजे डब्यात लोखंडाचा खिळा टाकणे. लोह त्या जांभळ्या रंगद्रव्याला धरून ठेवतं. आता खिळ्याऐवजी बिडाचं चिमुकलं वांगंच विकत मिळतं, तेही डब्यात पडून असतं. शिवाय वांग्याला पुरण्याआधी मीठ आणि भाजलेली तुरटी चोळायची. तुरटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे न्हाव्याचं दुकान उभं राहिलं, पण रंग टिकला.

जूनच्या पावसाळ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. जुलै-ऑगस्टमध्ये तोक्यो पस्तिशीला गेलं आणि डबा पिसाळला. या अंथरुणाला वीस ते पंचवीस अंश मानवतात. तिशीच्या वर काकडी सहा तासांत आंबट ढोण. मी दोन गोष्टी केल्या. डबा फ्रीजच्या भाज्यांच्या कप्प्यात हलवला आणि आजींच्या सांगण्यावरून चमचाभर मोहरीची पूड घातली. मोहरी आंबण्याचा वेग आवरते. हे ऐकून आईचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "म्हणजे शेवटी मोहरीशिवाय त्यांचंही भागत नाही!" अंड्याच्या टरफलांची पूडही आंबटपणा मारते, खडूसारखीच, पण आईला ते मी सांगितलेलं नाही.

पाणी सुटतं, ही दुसरी कटकट. भाज्या मीठ घेतात आणि पाणी सोडतात, महिन्याभरात कोंड्याचा चिखल होतो. सुके शीताके अळंबे किंवा सुका कोम्बू पुरला की ते पाणी पितात आणि वर त्यांची चव देतात. ते फुगलेले शीताके चिरून खाल्ले तर उत्तम. मधूनमधून मूठभर नवा कोंडा आणि त्या मानाने मीठ घालावं लागतंच.

नोव्हेंबरात दिवाळीला तीन आठवडे घरी गेलो, तेव्हा सगळ्या भाज्या काढून, कोंडा घट्ट थापून, वर मिठाचा पांढरा थर पसरून डबा फ्रीजमध्ये ठेवला. परत आल्यावर वरचा बोटभर थर काढून टाकला, दोन दिवस कोबीची पानं चारली, गाडी रुळावर. कोंडा फ्रीजरमध्येही राहतो म्हणतात. माझ्या फ्रीजरमध्ये जागा नाही, तिथे मोदकांसाठीचा नारळ आहे.

शाकाहाऱ्यांना सांगायची गोष्ट म्हणजे इथे 'भाजीचं' म्हणून जे मिळतं त्यात बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचे काप, असतात. पालकावर भुरभुरलेले, सूपमध्ये उकळलेले. काही जण कोंड्यातही सुकी मासळी घालतात, तयार पिशवी घेताना मागचं वाचावं. घरी करण्याचा खरा फायदा तिथे आहे. रात्री एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोम्बू आणि दोन सुके शीताके भिजत टाकले की सकाळी दाशी, म्हणजे इथल्या सूप-भाज्यांचं मूळ पाणी, तयार. गरम करताना उकळी फुटायच्या आत कोम्बू काढायचा, नाहीतर बुळबुळीत होतं. याच कोम्बूच्या पाण्यातून रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये उमामीची, म्हणजे गोड-आंबट-खारट-कडूपलीकडची ती भरदार, चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात तर कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या मावशीला हे ऐकून जपानबद्दल एकदम आदर वाटला.

आठवड्यातून तीन रात्री आमचं जेवण आता असं असतं: भात, दाशीतलं मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा) घातलेलं सूप, एक भाजी, नुकाझुके. भाजी बहुतेक वेळा कोमात्सुना. आमच्याच एदोगावा भागातली पालेभाजी. कोमात्सुगावा गावावरून शोगुन, म्हणजे लष्करी शासक, योशिमुनेने तिला नाव दिलं, अशी इथली आख्यायिका. मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, पिळून, चिरून, दाशी आणि सोया सॉसमध्ये भिजवायची. झालं. लाल भोपळा दाशीत शिजवताना भांड्यापेक्षा लहान लाकडी झाकण थेट फोडींवर ठेवतात, त्यामुळे थोड्या रसात फोडी न मोडता शिजतात. झाकणावर पाणी ठेवून भाजी वाफवणाऱ्या आम्हाला ते कळायला वेळ लागला नाही. मुळ्याची सालंही टाकत नाहीत. बारीक चिरून तिळाच्या तेलावर सोया सॉसमध्ये परततात. दोडक्याच्या शिरांची चटणी खाल्लेल्याने यावर काय बोलावं?

तब्येतीचं बोलायचं तर आधी वाईट बातमी. शंभर ग्रॅम काकडीच्या नुकाझुकेत पाच ग्रॅमच्या वर मीठ असतं, आणि इथे बाईमाणसाला दिवसाची मर्यादा साडेसहा ग्रॅम सांगतात. म्हणून वाटीभर नव्हे, चारपाच चकत्या. नवऱ्याला दोन, आणि त्या दिवशी त्याच्या सूपमध्ये मिसो कमी. मीठ कोंड्यात कमी करायचं नाही, ताटात कमी करायचं, हा माझा धडा.

चांगली बातमी कोंड्यात आहे. कच्च्या काकडीत शंभर ग्रॅमला ०.०३ मिलिग्रॅम बी-१ जीवनसत्त्व, तीच काकडी कोंड्यातून निघाली की ०.२६. याच्यामागे मोठी गोष्ट आहे. एदो काळात, म्हणजे तोक्योचं नाव एदो होतं तेव्हा, शहरात पांढरा भात खाणाऱ्यांचे पाय सुजायचे, बधिर व्हायचे. गावी परत गेले की बरे. लोक त्याला 'एदोचं दुखणं' म्हणत. ते बेरीबेरी होतं, बी-१ कमी पडल्याने होणारा रोग. १८८२-८३ मध्ये 'र्‍यूजो' या नौदलाच्या जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना तो झाला, २५ मेले. नौदलातले डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी जेवण बदलून पुढच्या जहाजावर तो जवळजवळ थांबवला, आणि १९१० मध्ये रसायनशास्त्रज्ञ सुझुकी उमेतारोंनी कोंड्यातूनच तो गुणकारी अंश, म्हणजे हेच बी-१, वेगळा काढला. तांदूळ पांढरा करताना जे फेकलं, त्याच कोंड्यात मुळा पुरून ते परत ताटात आणायचं. कोंड्याचा मांडा करणं ही म्हण आम्ही ओढगस्तीच्या संसारासाठी वापरतो, इथे तो शब्दशः होतो.

कोणी करू नये? ज्याला महिन्यातून पंधरा दिवस प्रवास आहे त्याने. ज्याला नखांना येणारा वास चालत नाही त्याने (हातमोजे चालतात, मी वापरत नाही, लिंबाची फोड चोळते). आणि ज्याला लोणचं झणझणीतच हवं त्याने. अशांनी असाझुके करावं: कोबी-काकडीच्या वजनाच्या दोन टक्के मीठ, चार दाणे तीळ, वर वजन, तासाभरात पानात. त्याला कोणाची जोपासना लागत नाही. फ्रीजमधला नुकादोको मात्र दोनतीन दिवसांआड हलवला तरी भागतं, माझी रोजची फेरी ही आता गरजेपेक्षा सवय आहे.

विसरलेल्या भाजीला घाबरू नका. सप्टेंबरात मला तळाशी दहा दिवसांचं गाजर सापडलं, लोण्यासारखं मऊ आणि खारट. आजी म्हणाल्या, बारीक चिरा, पाण्यात ठेवून खार उतरवा, घट्ट पिळा, आलं किसून घाला. तसं केलं आणि आम्ही ते दहीभाताबरोबर खाल्लं. खारातल्या कैरीची आठवण आली. आता मी मुद्दाम एखादं गाजर विसरते.

आत्ता डब्यात अर्धा मुळा आणि दोन सलगम आहेत. मुळा रविवारी घातला की सोमवारी, यावर घरात एकमत नाही.