इटलीचं नागरिकत्व: अर्ज स्वतः भरावा, पात्रोनातोत (मदत केंद्रात) जावं की वकील करावा?

इटलीत दहा वर्षं भरत आली की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "वकील केलास का?" जणू वकिलाशिवाय फाइल हलतच नाही. सरकारी फी 250 युरो, वर 16 युरोचा मार्का दा बोल्लो (सरकारी मुद्रांक). अर्ज तुम्ही भरा नाहीतर मिलानच्या महागड्या वकिलाला भरू दे, त्यात एका सेंटचा फरक पडत नाही. रांगही सगळ्यांना एकच: कायद्याने मुदत 24 महिने, ती वाढवून 36 पर्यंत नेता येते. वकिलाचा नंबर आधी लागत नाही, हे मनाशी पक्कं करूनच पुढचं वाचा.

इंटरनेटवर दिसणाऱ्या वकिलांच्या बहुतेक जाहिराती आपल्यासाठी नसतातच. त्या अर्जेंटिना-ब्राझीलमधल्या, इटालियन पणजोबा शोधणाऱ्या मंडळींसाठी. ती वाटही मार्च 2025 च्या वटहुकुमाने आणि मे महिन्यातल्या 74 क्रमांकाच्या कायद्याने आता मुख्यतः आई-वडील आणि आजी-आजोबांपर्यंत आखडली आहे. गोव्यात आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट निघतो, तसा इटलीचाही निघेल असं समजणारे अधूनमधून भेटतात. नाही निघत. आपल्याला दारं दोनच: दहा वर्षांचं कायदेशीर वास्तव्य, नाहीतर इटालियन जोडीदार. लग्नानंतर इटलीत राहत असाल तर दोन वर्षांनी अर्ज करता येतो, बाहेर राहत असाल तर तीन वर्षांनी; मूल असेल तर मुदत निम्मी. दहाची पाच वर्षं करावीत म्हणून जून 2025 मध्ये सार्वमत झालं, पण 50 टक्के मतदारही आले नाहीत आणि ते बाद झालं.

आता तीन पर्यायांकडे.

स्वतः अर्ज करणं वाटतं तेवढं अवघड नाही. गृहमंत्रालयाच्या पोर्टलवर स्पीदने (सरकारी डिजिटल ओळखीने) शिरायचं, फॉर्म भरायचा, कागद चढवायचे. वास्तव्याच्या वाटेने जाणाऱ्याला मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं: एकट्याला वर्षाला 8,263.31 युरो, अवलंबून जोडीदार असेल तर 11,362.05, आणि दर मुलामागे आणखी 516. शिवाय बी-1 पातळीचं, म्हणजे मध्यम दर्जाचं इटालियन. इथे थोडं थांबा. ज्यांच्याकडे दीर्घ मुदतीचं युरोपीय कार्ड आहे (आपण त्याला अजून ‘कार्ता दि सोज्जोर्नो’च म्हणतो) किंवा ज्यांनी इटलीत येताना सरकारसोबतच्या एकात्मीकरणाच्या करारावर सही केली होती, त्यांना हे प्रमाणपत्र लागत नाही. हे ठाऊक नसल्याने चिल्स किंवा चेलीच्या परीक्षेवर पैसे घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

खरी गोम कागदांत आहे, आणि ती अगदी आपली, मराठी गोम आहे. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात, आणि बाईचं लग्न झालं असेल तर आडनावासकट मधलं नावही बदललेलं. इटलीत बाई लग्नानंतरही जन्माच्याच आडनावाने ओळखली जाते. त्यामुळे ‘कुलकर्णी’ची ‘जोशी’ कशी झाली हे प्रेफेत्तूरातल्या (जिल्ह्याच्या सरकारी कचेरीतल्या) कारकुनाला आपसूक कळत नाही. जुन्या ग्रामपंचायतीच्या नोंदीत तर बाळाच्या नावाचा रकानाच कोरा असतो. ही दुरुस्ती अर्जाआधी भारतात करून घ्यायची, दाखल्यावर अपोस्टील (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) घ्यायचं, मग भाषांतर. उरलासुरला फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं पत्र रोमच्या भारतीय दूतावासातून किंवा मिलानच्या वाणिज्य दूतावासातून. गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला मात्र सगळ्यात शेवटी मागवा, कारण तो सहा महिनेच चालतो. यातलं कुठलंही काम वकील तुमच्यासाठी जळगावच्या नगरपालिकेत जाऊन करणार नाही.

पात्रोनातो म्हणजे कामगार संघटनांशी आणि इतर संस्थांशी जोडलेली मदत केंद्रं: इंका, इनास, इताल, आक्ली वगैरे. फॉर्म भरून देतात, फुकट किंवा थोडक्यात. इटालियन वाचता येतं पण सरकारी इटालियन डोक्यावरून जातं, अशांनी इथेच जावं. अडचण एवढीच की समोरची बाई सकाळपासून पेन्शन, बेकारभत्ता आणि पेर्मेसोचे (वास्तव्य परवान्याचे) अर्ज भरत असते. तुमच्या मधल्या नावाची कहाणी ऐकायला तिला वेळ नसतो. चूक झाली तर अर्जावर नाव तुमचं, म्हणून ‘पाठवा’ म्हणण्याआधी प्रत्येक रकाना स्वतः वाचा.

मग वकील कधी? माझ्या मते चार वेळा, आणि त्या वेळी अजिबात कंजुषी करू नये. पहिली, नावावर कधी पोलीस केस झाली असेल, दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी शिक्षासुद्धा. ती लपवली तर नकार तर येतोच, खोटं निवेदन केल्याचा नवा गुन्हाही अंगावर येतो. आणि शिक्षेचा परिणाम पुसून घेण्यासाठी न्यायालयातच जावं लागतं. दुसरी, कोमूनेच्या (नगरपालिकेच्या) रहिवासी नोंदीत खंड पडला असेल. भाड्याचं घर सोडलं, नव्या पत्त्यावर नोंद करायला काही महिने लागले, तेवढ्यात नाव कमी झालं, की दहा वर्षांची अखंड मोजणी तुटते. तिसरी, नकाराची पूर्वसूचना आली तर: उत्तराला फक्त दहा दिवस असतात, आणि ते उत्तर पात्रोनातोतल्या बाईने लिहायचं नाही. चौथी, मुदत संपूनही निर्णय नसेल तर आधी वकिलाची नोटीस, मग लात्सिओचं प्रशासकीय न्यायालय. वास्तव्यावरचा नकारही तिथेच जातो, साठ दिवसांत. लग्नावरचा मात्र साध्या दिवाणी न्यायालयात. वकिलाकडून खर्चाचा लेखी अंदाज मागा. तो देणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. टाळाटाळ केली तर उठून या. उत्पन्न फार कमी असेल तर न्यायालयातल्या दाव्यासाठी सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो.

आणि एक प्रश्न तिन्ही पर्यायांच्या आधीचा: पासपोर्ट हवाच आहे का? दीर्घ मुदतीचं कार्ड पाच वर्षांनी मिळतं, भाषा ए-2 पुरते आणि भारतीय पासपोर्ट हातात राहतो. मात्र युरोपीय संघाबाहेर सलग बारा महिने राहिलात तर ते जातं. घरी आई-वडील थकलेले असतील आणि वर्षभर गावी राहावं लागेल असं दिसत असेल, तर हे कलम दोनदा वाचा. नागरिकत्व घेतलं तर अशी भीती उरत नाही, शिवाय जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये सरळ नोकरीला जाता येतं. पण 1955 च्या भारतीय नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारताचं नागरिकत्व संपतं. ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाचं) कार्ड मिळतं, व्हिसाची कटकट मिटते; मतदान नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची वारसाने मिळू शकते, म्हणून सातबाऱ्यावरची नावं आत्ताच तपासून ठेवलेली बरी. डिक्री (नागरिकत्व मंजूर केल्याचा आदेश) हातात आल्यावर कोमूनेत शपथ घ्यायला सहा महिने असतात, आणि शपथ घेतली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही इटालियन.